चाळीस बार, तीन सूर आणि गाडीचं चाक

प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकेत ओमाहाजवळ राहणाऱ्या एका ताईंची मुलगी आठवीत आहे आणि शाळेच्या कॉन्सर्ट बँडमध्ये बॅरिटोन हे खालच्या सुरांचं पितळी वाद्य वाजवते. स्प्रिंग कॉन्सर्टसाठी बँड ओरेगन ट्रेलवरची एक रचना बसवतोय, म्हणजे कापडी छताच्या बैलगाड्यांतून पश्चिमेकडे गेलेल्या लोकांच्या प्रवासाचं संगीत. मुलगी वैतागली आहे. ट्रंपेटवाल्यांना सगळी मजा आणि आपल्याला सलग ४० बार (बार म्हणजे ठरावीक ठोक्यांचा एक तुकडा) तेच तीन सूर. ताई विचारतात, अशा संगीतात ऐकण्यासारखं खरंच काही असतं का, आणि मुलीला काय सांगू?

ताई, मुलीला सांगा की त्या रचनेतला सगळ्यांत खरा भाग तिच्याच वाट्याला आलाय. हे समजूत घालायला म्हणत नाहीये. गेली २६ वर्षं मी इथल्या शाळांमध्ये बँड शिकवतो. गाड्यांच्या प्रवासावरच्या इतक्या रचना बसवल्यात की आता मोजत नाही. वाजवायला दुसरी-तिसरी पायरी, सुरुवातीला हॉर्नची पहाट, मग ट्रंपेटची ऐटदार धून, मध्ये नदी, मग एक दुःखाचा भाग, शेवटी झांजा आणि ओरेगन. नव्वद टक्के रचना या साच्यातून बाहेर पडत नाहीत. त्यातली चांगली कोणती आणि टाकाऊ कोणती, हे मी ट्रंपेटवरून ठरवत नाही. खाली बॅरिटोन, ट्यूबा आणि बेस क्लॅरिनेट काय करतायत ते बघतो. कारण चाक तिथे असतं.

हे मला उशिरा कळलं, आणि तेही वडिलांमुळे. ते साताऱ्याला पोलीस बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. इथे आल्यावर तिसऱ्या की चौथ्या वर्षी मी असाच एक तुकडा बसवला, कार्यक्रम दणक्यात झाला, लोक उभे राहिले. मी हौसेनं रेकॉर्डिंग घरी पाठवलं. फोनवर वडील म्हणाले, “वाजवलंय स्वच्छ. पण बैलगाडा शर्यत आहे का ही?” मी म्हटलं, नाही हो, लोक घरदार घेऊन दोन हजार मैल निघालेत. “मग बैल मेले की रे पहिल्या दिवशी,” एवढं बोलून त्यांनी फोन आईकडे दिला.

मला राग आला, मग मी वाचायला बसलो. म्हातारा बरोबर होता.

त्या गाड्या घोडे ओढत नव्हते. काहींना खेचरं असायची, पण बहुतेकांना बैलच. बैल स्वस्त, चिवट, वाटेतल्या गवतावर भागवणारा आणि चोरायला फारसा कुणाला नको असलेला. गाडी चार चाकी, पेटी साधारण दहा-बारा फूट लांब आणि चार फूट रुंद, वर अळशीचं तेल पाजलेलं कापड. आत पीठ, डुकराचं खारवलेलं मांस, कॉफी, हत्यारं इतकं ठासलेलं की माणसांना जागाच नसे. म्हातारे, आजारी आणि तान्ही मुलं सोडली तर सगळे चालत. गाडीवानसुद्धा. आपल्याकडे गाडीवान जुवाजवळ बसतो, हातात कासरा असतो. तिथे तो बैलांच्या डाव्या अंगाला पायी चालायचा आणि हाकेवर बैल वळवायचा. मिसुरीतल्या इंडिपेंडन्सपासून ओरेगनपर्यंत सुमारे २,००० मैल, दिवसाला सरासरी १५ मैल धरले तरी साडेचार-पाच महिने. बैलाची चाल ताशी दोन मैल.

आता तुमच्या मुलीला ज्याची गोष्ट नक्की आवडेल असा माणूस. विल्यम क्लेटन. १८४७ साली मॉर्मन पंथाची पहिली तुकडी तुमच्याच ओमाहाच्या परिसरातून, विंटर क्वार्टर्समधून, पश्चिमेला निघाली. क्लेटनकडे प्रवासाची नोंद ठेवायचं काम. रोज किती मैल झाले यावरून वाद व्हायचे, कारण जो तो अंदाज ठोकायचा. शेवटी क्लेटननं एका गाडीच्या मागच्या चाकाचा घेर मोजला. १४ फूट ८ इंच. म्हणजे ३६० फेऱ्यांना बरोबर एक मैल. चाकाला खुणेसाठी कापड बांधलं आणि ८ मे १८४७ रोजी तो दिवसभर गाडीशेजारून चालत फेऱ्या मोजत राहिला. ४,०७० भरल्या. सव्वाअकरा मैल आणि वर २० फेऱ्या. असं रोज करायचं त्याच्या जिवावर आलं आणि मग सोबतच्यांनी लाकडी दातेरी चाकांचं एक मोजयंत्र बनवून गाडीला बसवलं. तेच ते आणि तेच ते याचा कंटाळा येणारी तुमची मुलगी पहिली नाही, एवढंच सांगतोय.

या आकड्यांनी माझी लय बदलली. हिशोब करून बघा. ताशी दोन मैल म्हणजे तासाला ७२० फेऱ्या, मिनिटाला १२, म्हणजे पाच सेकंदांत एक फेरी. आता मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला ९६ ठोक्यांवर लावा. चार-चारच्या तालात, म्हणजे बारला चार ठोके, दोन बार वाजायला किती वेळ लागतो? बरोबर पाच सेकंद. म्हणजे ९६ च्या लयीत चाक दर दोन बारना एकदा फिरतं, आणि प्रत्येक क्रॉचेटला, म्हणजे एका ठोक्याच्या सुराला (इथे त्याला क्वार्टर नोट म्हणतात, माझी जीभ अजून वडिलांच्या बँडातलीच आहे) शेजारून चालणाऱ्या माणसाचं एक पाऊल पडतं. पाऊल जेमतेम दोन फुटांचं भरतं. धुळीतून लांब घागरा सावरत चालणाऱ्या बाईचं तेवढंच पडत असणार.

तेव्हापासून मी अशी कुठलीही रचना हातात आली की आधी ९६ वर वाजवून बघतो. कागदावर १३२ किंवा १४४ छापलेलं असतं आणि शेवटी मला तिकडे जावंही लागतं, कारण काही धुना ९६ वर लोळायला लागतात. पण पहिले दोन आठवडे पोरांना मी चालवतो. खरंच चालवतो, जिममध्ये, वाद्यांशिवाय, खालचा भाग तोंडानं म्हणत.

तर मुलीच्या ४० बारमध्ये चाक २० वेळा फिरलं. गाडी किती सरकली? २९३ फूट. नव्वद मीटरही नाही. अजून सात लाखांच्या वर फेऱ्या बाकी आहेत. हे तिला सांगा आणि तिचा चेहरा कसा होतो ते मला कळवा.

मग बाकीचे संगीतकार इतके का पळतात? दोष घोड्याचा. रॉसिनीनं १८२९ साली ‘विल्यम टेल’ या स्विस धनुर्धराच्या ऑपेरासाठी लिहिलेल्या ओव्हर्चरचा, म्हणजे सुरुवातीच्या वाद्यसंगीताचा, शेवटचा भाग १९३३ पासून अमेरिकेतल्या ‘द लोन रेंजर’ या रेडिओ मालिकेनं तिच्या मुखवटेवाल्या घोडेस्वारासाठी उचलला, आणि ‘पश्चिम’ म्हटलं की टपाटप टपाटप हे लोकांच्या कानात कायमचं बसलं. नंतर सिनेमे आले. बँडच्या रचनांमध्ये टेंपल ब्लॉकवर (पोकळ लाकडी ठोकळे) वाजणारी ती टापांची टकटक तिथूनच आली. फर्डी ग्रोफेच्या ग्रँड कॅन्यन सुइटमध्ये (१९३१) ती शोभते, कारण तिथे दगडी वाटेनं गाढव चाललंय. बैलाचा खूर दुभंगलेला, नाल ठोकलीच तर एका पायाला दोन तुकडे, आणि वाट धुळीची. टकटक कुठली येणार? माझ्या बँडमध्ये टेंपल ब्लॉकची ओळ मी बऱ्याचदा बेस ड्रमला देतो, मऊ टिपऱ्यांनी, अगदी हलकी. प्रकाशकाला कळलं तर आवडणार नाही.

हवाच असेल तर आवाज आसाचा हवा. मागच्या आसाला डांबर आणि चरबीच्या वंगणाची बादली टांगलेली असायची. ते संपलं की चाक कुरकुरायचं. आपल्याकडे ज्याच्या आजोळी गाडी होती त्याला हा आवाज वेगळा सांगावा लागत नाही. बेस क्लॅरिनेटवर खालच्या सुराला थोडा खरखरीतपणा आणता आला तर काम होतं. आणखी एक बारकावा: पुढची चाकं मागच्यांपेक्षा लहान असायची, गाडी वळवताना पेटीखाली अडू नयेत म्हणून. म्हणजे पुढचं चाक लवकर फिरतं, मागचं सावकाश, आणि दोघांची खूण क्वचितच एकदम वर येते. एखाद्या रचनेत दोन वेगवेगळ्या लांबीच्या आकृत्या एकावर एक चढवलेल्या दिसल्या, ट्यूबाची दोन बारची आणि क्लॅरिनेटची दीड बारची, तर त्या माणसानं गाडी नीट पाहिलीय असं मी समजतो.

आता जो भाग मला सगळ्यांत जास्त खटकतो तो. मध्ये कुठेतरी टॉम-टॉमवर धम्-धम्-धम्-धम् सुरू होतं, ट्रॉम्बोन पंचमात गुरगुरतात आणि पोरांना सांगितलं जातं की हा ‘हल्ला’. जॉन अनरू या इतिहासकारानं १८४० ते १८६० या काळाचा हिशोब लावला. त्या २० वर्षांत मूलनिवासींच्या हातून ३६२ प्रवासी मारले गेले आणि प्रवाशांच्या हातून ४२६ मूलनिवासी. वाटेत मेलेल्यांची संख्या हजारोंत आहे, पण ते मेले कॉलऱ्यानं, नदी ओलांडताना बुडून, स्वतःचीच बंदूक उडून, चाकाखाली येऊन. नदीतून गाड्या पार करून देणारे, मासे आणि घोडे विकणारे बहुतेक वेळा तिथलेच लोक होते. रात्री गाड्यांचं कडं करायचे ते मुख्यतः जनावरं पांगू नयेत म्हणून. मुलीच्या रचनेत असा भाग असेल तर तिनं सरांना किंवा मॅडमना सरळ विचारावं. आजकाल बरेच बँड डायरेक्टर तो भाग वगळतात किंवा त्याला नदीचा पूर म्हणून वाजवतात, आणि संगीतात एक सूरही बदलावा लागत नाही. यावरून त्या भागात ‘मूलनिवासी’ असं कितपत होतं ते कळतं. पश्चिमेकडे जाणं सगळ्यांच्या मर्जीचं नव्हतं हेही तिला कळू दे. १८३८-३९ मध्ये चेरोकी लोकांना सैन्यानं घराबाहेर काढून पश्चिमेला हाकललं. जेम्स बार्न्सची ‘ट्रेल ऑफ टीअर्स’ ही बँडरचना त्यावर आहे. ती आणि गाड्यांची रचना एका बैठकीत ऐकवा.

दुःखाचा भाग. याबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय, कारण इथेच रचना तरते किंवा बुडते. १८४९ ते १८५२ ही कॉलऱ्याची वाईट वर्षं. माणूस सकाळी चालत असायचा आणि संध्याकाळी पुरलेला. पुरायचं कुठे? अनेकदा वाटेतच, चाकोरीच्या मधोमध. आणि मग गाड्या त्यावरून न्यायच्या, माती घट्ट व्हावी आणि लांडग्यांनी उकरू नये म्हणून. म्हणजे आईच्या किंवा लेकराच्या अंगावरून आपणच गाडी हाकायची. बहुतेक संगीतकार इथे सगळं थांबवतात, पितळी वाद्यांचं एक देखणं कोराल, म्हणजे चर्चमधल्या भजनासारखी संथ सुरावट, लिहितात, सगळे सावकाश, भरदार, लोक डोळे पुसतात. वाईट नसतं ते. पण खाली चाक थांबलेलं असतं, आणि खरी गोष्ट अशी की ते थांबलं नाही. हातावर मोजण्याइतक्या रचनांमध्ये कोरालच्या खाली तीच तीन सुरांची आकृती चालू ठेवलेली मी पाहिली आहे. कुजबुजल्यासारखी. वरच्या सुरावटीशी मध्येच खटकते, एखादा सूर बसत नाही, तरी चालूच. मुलीच्या त्या ४० बारमध्ये असा भाग येतो का बघा. येत असेल तर रचनाकाराला माझा नमस्कार, आणि तिला कळायला हवं की त्या वेळी सगळं सभागृह ट्रंपेट नाही, तिला ऐकत असतं.

वाटेवर खरोखर बँड होता का, असं मुलं विचारतात. होता. मॉर्मन लोक १८४६ मध्ये इलिनॉयमधून निघाले तेव्हा विल्यम पिट नावाच्या इंग्रजाचा ब्रास बँड सोबत होता. आयोवातल्या किओसाक्वासारख्या वस्त्यांमध्ये त्यांनी कार्यक्रम केले आणि त्या पैशांवर तांड्याचं धान्य आलं. मेहनताना मिळवून वाजवणारे बँडवाले, अगदी आपल्या ओळखीचे. मघाचा क्लेटन या बँडबरोबर जायचा. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, मागे राहिलेल्या बायकोला मुलगा झाल्याची बातमी कळल्यावर, चिखलात अडकलेल्या आयोवातल्या तळावर त्यानं ‘ऑल इज वेल’ या जुन्या चालीवर एक भजन लिहिलं. ‘कम, कम, यी सेंट्स’ म्हणून ते आजही गायलं जातं. चाकाच्या फेऱ्या मोजणारा आणि भजन लिहिणारा माणूस एकच, हे मला फार आवडतं. योगायोग म्हणजे १८४६ सालीच फ्रान्समध्ये सॅक्सोफोनचं पेटंट झालं. तुमच्या मुलीच्या शेजारी बसणारी ती पिवळी वाद्यांची रांग त्या वाटेवर कुणी पाहिलेलीही नव्हती. इतरांकडे फिडल, माऊथ ऑर्गन, कधी बँजो. म्हणून रचनेत शेकोटीजवळचा नाच आला की क्लॅरिनेटना मी सांगतो, फिडलच्या गजासारखं, टोकावर वाजवा. फुंकून भरू नका.

काय ऐकायचं ते आता झटपट. आरन कोपलँडच्या ‘बिली द किड’ (१९३८) या बॅलेची सुरुवात ऑर्केस्ट्राची आहे, तरी तिथूनच सुरू करा: वर पंचमांत उघडे, पोकळ सूर, खाली एक जड आकृती तेच तेच पाऊल टाकत मोठी होत जाते. पश्चिमेकडे सरकणाऱ्या माणसांची रांग आहे ती. हा ‘माळरानाचा’ आवाज ब्रुकलिनमध्ये वाढलेल्या, पॅरिसला शिकलेल्या, लिथुआनियातून आलेल्या ज्यू घरातल्या मुलानं घडवला आणि नंतर सगळ्यांनी त्याची नक्कल केली. मग कोपलँडनंच स्वतः बँडसाठी उतरवलेल्या ‘रेड पोनी’मधला आजोबांच्या गोष्टीचा भाग. ते आजोबा तरुणपणी गाड्यांचा तांडा पश्चिमेला घेऊन गेलेले आणि घरातल्यांना तीच गोष्ट ऐकवून ऐकवून विटवलेले. गाड्यांवर बँडसाठी यापेक्षा चांगलं काही मला सापडलेलं नाही, आणि ते आठवणीबद्दल आहे, मोहिमेबद्दल नाही. रॉय हॅरिसचं ‘सिमरॉन’ (१९४१) ओक्लाहोमातल्या जमिनीसाठीच्या धावाधावीचं आहे. तिथे मात्र पळापळ शोभते, लोक खरंच पळत होते. डच संगीतकार जेकब द हान यांचं ‘ओरेगन’ जगभर वाजतं, मुलांना आवडतं, मीही वाजवलंय. पण तो आगगाडीतून केलेला फेरफटका आहे. १८६९ मध्ये रेल्वे जोडली गेल्यावर बैलाची लय संपली, हे समजून ऐकायचं असेल तर उत्तम. फ्रँक टिकेलींचं ‘शेनँडोआ’ झोपताना ऐका.

तुम्ही ओमाहाजवळ आहात म्हणून एक. सुट्टीत गाडी काढून आय-८० महामार्गावरून प्लॅट नदीच्या कडेनं पश्चिमेला जा. ताशी ७५ मैलांनी एक तास म्हणजे त्यांचे पाच दिवस. चिमनी रॉक बघा आणि जमलं तर पुढे वायोमिंगमध्ये गर्न्सीला जा. तिथे खडकात चाकोऱ्या आहेत, चाकांनी आणि पायांनी झिजवलेल्या, काही ठिकाणी माणूस कमरेच्या वर आत जाईल इतक्या खोल. वाद्य बरोबर घ्या. तिथे उभं राहून तिला ते तीन सूर वाजवू दे.

सरावाचं सांगतो. मेट्रोनोम ९६, पण पाय प्रत्येक ठोक्याला आपटायचा नाही. दोन बारमधून एकदा, पहिल्या ठोक्यावर, सुराला किंचित वजन द्यायचं, चाकाची धाव जिथे सांधलेली असते तिथे ते जरा दबतं तसं. ॲक्सेंट नव्हे, ओझं. ऐकणाऱ्याला वेगळं कळायला नको, नुसतं जाणवायला हवं. हळू वाजवायचं म्हणून हवा कमी करायची नाही, बॅरिटोन लगेच खाली घसरतो. श्वास बाररेषेवर घ्यायचा नाही. सगळे तिथेच घेतात आणि दर चार बारना गाडी खड्ड्यात जाते. शेजारच्या बॅरिटोनशी आणि ट्यूबाशी ठरवून घ्यावं, तू तिसऱ्या बारच्या मध्ये, मी पाचव्याच्या. बाहेर पडताना सूर कापायचा नाही, विरवायचा, आणि परत येताना जीभ न लावता शिरायचं.

शेवटी ओरेगन येतं, सगळे फॉर्टे, झांजा. १८४६ मध्ये डोंगरातून बार्लो रस्ता होईपर्यंत कोलंबिया नदीकाठच्या डॅल्सला पोहोचल्यावर गाडीची चाकं काढून ती तराफ्यावर चढवायचे आणि नदीतून खाली सोडायचे. म्हणजे त्या जल्लोषात चाक कुठेच नसतं. तिच्या पानावर बघा, बहुतेक तिथे तीन सूर संपून लांब होल नोट्स आल्या असतील. पाण्यावर आल्यासारखं वाजवायचं. त्या आधीच्या दोन बारमध्ये तिला विश्रांती असेल, तेवढ्यात वॉटर की दाबून नळीतलं पाणी काढून टाकायला सांगा, नाहीतर पहिलाच लांब सूर गुडगुडेल.